पोकळीची तसबीर

तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा चेहरा कापायला घेतला, की हात पहिल्यांदा अडतो तो चष्म्यापाशी. चष्म्याची कड काळी, म्हणजे तेवढं लाकूड कापून काढायचं. पण ती गोल कड पुरती कापली, की आतलं भिंग, भिंगामागचा डोळा, डोळ्याखालची सुरकुती असं सगळं एकदम सुटून टेबलावर पडतं. मग कापणारा युक्ती करतो. कडेवर कुठंतरी उजेड चमकलाय असं धरतो आणि त्या चमकेच्या जागी दोनेक मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवतो. बघणाऱ्याला ती चमक वाटते. प्रत्यक्षात तो पूल असतो आणि त्याच्यावर अख्खा डोळा तोललेला असतो.

पु. लं.च्या जाड फ्रेमचा हाच घोळ. शिवाजी महाराजांची दाढी त्या मानाने सोपी, सलग काळी आहे, कापून मोकळं व्हायचं. कपाळावरचं गंधही सोपं, उजळ कपाळावर एक काळी रेघ, म्हणजे एक भोक. पण जिरेटोपावरचे मोती? काळोखातले पांढरे ठिपके. एकेक मोती म्हणजे एकेक बेट, आणि प्रत्येक बेटाला किनाऱ्याशी बांधायला एक पूल हवा. बेट आणि पूल हे या कामातले नेहमीचे शब्द. कापणारी माणसं एकमेकांचं काम बघताना नाक-डोळे नंतर बघतात, आधी पूल मोजतात.

हे काम करणारं यंत्र म्हणजे स्क्रोल सॉ. शिवणयंत्राच्या सुईसारखं एक बारीक पातं जागच्या जागी खाली-वर होत राहतं आणि लाकूड त्याच्याभोवती फिरवायचं. पातं पाच इंच लांब, आणि पोर्ट्रेटसाठी वापरायचं ते इतकं पातळ की जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. चेहऱ्यातल्या प्रत्येक बंद आकारासाठी आधी ड्रिलने मिलिमीटरभराचं भोक पाडायचं, पातं वरच्या पकडीतून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं, आकार कापायचा, पुन्हा सोडवायचं. बऱ्यापैकी तपशिलाच्या चेहऱ्यात अशी शे-दोनशे भोकं सहज होतात. म्हणजे कापण्याइतकाच वेळ ओवण्यात जातो.

आणि एवढं सगळं झाल्यावर हातात काय येतं, तर एक भोकाभोकांची फळी. ती टेबलावर ठेवली तर टेबलाचा सनमायका दिसतो, खिडकीत धरली तर समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे. चेहरा दिसतच नाही असं नाही, पण तो ठरत नाही. तो ठरतो मागे काहीतरी लावल्यावर. उजेडाच्या जागी लाकूड आहे; अंधाराच्या जागी काहीच नाही, तो अंधार बाहेरून आणावा लागतो. म्हणून मला या कलेतलं मढवण्याचं काम शेवटचं, दुकानात टाकून येण्याचं काम वाटत नाही. चित्राचा अर्धा भाग तिथंच काढला जातो. गंमत अशी की कापण्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, आणि मढवण्याला त्यांत दोन परिच्छेद मिळतात.

या करवतीचा आणि चौकटीचा संबंध मुळात उलटा होता, हे सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत या जाळीदार लाकूडकामाचं, म्हणजे फ्रेटवर्कचं, वेड पसरलं. इटलीतल्या सोरेंतो गावात रंगीत लाकडांच्या जडावाची जुनी परंपरा, त्यामुळे अमेरिकेत घरोघरच्या या उद्योगाला ‘सोरेंतो काम’च म्हणत. इलिनॉयमधल्या रॉकफर्डचे बार्न्स बंधू पायाने चालवायच्या करवती विकत होते. इंग्लंडात नॉरफोकमधल्या डेरेहम गावच्या ‘हॉबीज’ कंपनीने १८९५मध्ये त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. त्यातल्या नमुन्यांवरून साहेबाच्या घरात घड्याळाची घरं, पाइप ठेवायच्या मांडण्या, पत्रांचे खण आणि मुख्य म्हणजे फोटोच्या चौकटी कापल्या जात. वेलबुट्टी, महिरपी, मधे एक लंबगोल जागा, तिथं स्टुडिओतून काढून आणलेला फोटो. चेहरा कॅमेऱ्याचा, चौकट करवतीची.

पुढे उलटापालट झाली. छायाचित्रातले मधले सगळे राखाडी पुसून फक्त काळं आणि पांढरं ठेवलं तरी माणूस ओळखू येतो, हे साऱ्या जगाला चे गव्हेराच्या चित्राने पाठ करून दिलं. अल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० रोजी हवानात टिपलेला फोटो, आणि त्यावरून आयरिश चित्रकार जिम फिट्झपॅट्रिकने १९६८मध्ये केलेलं दोन टोकांचं पोस्टर. नंतर घरोघरी संगणक आले, फोटोवर ‘थ्रेशोल्ड’ची पट्टी डावी-उजवीकडे सरकवली की कोणाचाही चेहरा काळ्या-पांढऱ्या ठिगळांत उतरू लागला. आजोबा, नातू, घरातला कुत्रा, सगळेच कापण्याजोगे झाले. आता चेहरा करवतीचा, आणि चौकट बाजारातून विकत आणलेली.

चिंचवडला एक गृहस्थ हे काम करतात. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचं आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर बाल्कनीला जाळी आणि काच बसवून तिथं यंत्र मांडलं. टूलरूमची सवय हाडात मुरलेली असल्याने त्यांच्याकडे ड्रिलची पाती आकाराप्रमाणे लावलेली असतात आणि भिंतीवर ज्याची त्याची जागा पेन्सिलने आखलेली असते. लाकडाबद्दल मात्र ते तक्रारखोर आहेत. या कामाला जगभर बर्चचा प्लाय चांगला मानतात. पापुद्रे एकसारखे, आत पोकळी नाही, रंग उजळ. तो मोठ्या प्रमाणात रशियातून यायचा. २०२२मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर युरोपीय संघाने रशियन लाकडाची आयात बंद केली आणि तिकडच्या छांदिष्ट मंडळींची पंचाईत झाली. आपल्याकडे पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये बर्च मागितला तर मिळतो, पण दुकानदार आधी पायापासून डोक्यापर्यंत बघतो. साधा कमर्शियल प्लाय घ्यावा, तर नेमकी नाकाच्या शेंड्याखाली आतल्या थरात पोकळी निघते.

त्यांच्या कामाची रीत अशी. फळीला आधी चिकटपट्टी, तिच्यावर नमुन्याचा कागद. चिकटपट्टीमुळे पातं गरम होऊन लाकूड करपत नाही. मग भोकं. मग आतून बाहेर कापत यायचं: आधी डोळे, नाकपुड्या, ओठांमधली रेघ, आणि केस-खांदे असले मोठे काळे भाग सगळ्यात शेवटी, कारण ते काढले की फळीतली ताकदच जाते. कापून झालं की मागच्या बाजूला उभे राहिलेले तंतू पॉलिश पेपरने अलगद काढायचे. पूल मोडतात ते बहुतेक वेळा इथंच, कापताना नव्हे.

“कापण्यात माझं काही चुकत नाही आता,” ते म्हणाले. “पण मागे काय लावायचं, यावरून घरात अजून भांडण होतं.”

भांडणाचं कारण भिंतीवरच होतं. एका गडद, तेलकट झाक असलेल्या लाकडात एक चेहरा कापला होता आणि मागे पांढरा कार्ड पेपर. खर्च आणि हौस दोन्ही भरपूर, आणि चेहरा मात्र भुताचा. कारण नमुना तयार करताना भोक म्हणजे सावली असं धरलेलं असतं. उजळ लाकडामागे गडद पाठ लावली तर सावल्या सावल्याच राहतात. गडद लाकडामागे पांढरी पाठ लावली की सगळा हिशेब फिरतो. बुबुळं पांढरी, केस पांढरे, गाल काळे, फोटोच्या निगेटिव्हमध्ये दिसतो तसा माणूस. त्यांच्या पत्नीने तो पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं होतं, “अहो, हे कोण वारलं?” अक्रोडासारखं गडद लाकूड वापरायचंच असेल, तर नमुनाच उलटा करून घ्यावा लागतो आणि मग बेटं आणि पूलही सगळे नव्याने. म्हणजे पाठ कोणती, हे भोक पाडण्याआधी ठरवायचं असतं.

काळी पाठ घ्यायची म्हटलं तरी काळं एकच नसतं. काळा कार्ड पेपर स्वस्त आणि सपाट, पण हलक्या प्रतीचा असला तर खिडकीच्या उजेडात वर्षा-दोन वर्षांत तपकिरी पडू लागतो. काळा रंग दिलेली हार्डबोर्डची शीट टिकते, मात्र रंग चकचकीत असेल तर भोकांत ट्यूबलाइट दिसते आणि महाराजांच्या दाढीत पांढरी काडी उभी राहते. रंग मॅटच हवा. फेल्ट किंवा मखमल सगळ्यात चांगला अंधार देते, कारण तिच्यावर पडलेला उजेड तिच्या केसांतच मुरतो. तिचा दुसरा फायदा मढवणारे सांगतात तो असा, की कापडाला जरा मऊपणा असल्याने फळी किंचित वाकडी असली तरी तिच्यात रुतून बसते, फट दिसत नाही. तोटा म्हणजे धागे आणि लव. पांढरा एक तंतू काळ्या डोळ्यात बसला, की तो काढायला चिमटा घालावा लागतो आणि चिमटा पुलाला लागतो.

पाठ चिकटून असावी की थोडी मागे, यावरही मतं आहेत. हल्ली परदेशी नमुन्यांत पाच-सहा मिलिमीटर अंतर सोडून सावली पाडायची फॅशन दिसते. पाठ फिकट किंवा रंगीत असेल तर ते खरोखर छान दिसतं, वरून दिवा असला तर प्रत्येक रेघेला एक जोडरेघ मिळते. पण काळ्या पाठीवर सावली दिसणार कुठून? तिथं अंतर सोडून मिळतं एवढंच की बाजूने पाहिल्यावर खोली जाणवते, आणि त्याबदल्यात बारीक पुलांना मागून कसलाच आधार उरत नाही. माझं मत विचाराल तर बारीक कामाचा चेहरा पाठीला टेकूनच असावा. निसर्गदृश्य, झाड, घोडा असलं दणकट काही असेल तर खुशाल अंतर सोडा.

टेकवायचं म्हणजे चिकटवायचं, आणि फेविकॉलचा हात सैल सुटला की घात होतो. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. तीन मिलिमीटरच्या फळीला एका बाजूने पाणी पाजलं की ती दुसऱ्या दिवशी सकाळी पापडासारखी वळते, असं नाही, पण कोपरे उचलते एवढं नक्की. शिवाय दाबल्यावर गोंद भोकाच्या कडेतून बाहेर येतो आणि वाळल्यावर फेल्टवर चमकणारा डाग राहतो. चिंचवडचे गृहस्थ बिनसुईच्या इंजेक्शनच्या सिरिंजने मोहरीएवढे थेंब ठेवतात. रुंद भागांवर जरा जवळ, पुलांवर एकही नाही. मग वर काच, काचेवर जुन्या मासिकांचे गठ्ठे, रात्रभर. सगळीकडे गोंद न लावण्याचं आणखी एक कारण ते देतात, आणि ते मला पटलं: पुढे कधी पाठ खराब झाली, तर पातळ सुरी घालून ती सोडवता येते आणि नवी लावता येते. चेहरा वाचतो.

पॉलिश त्याआधी झालेलं असावं, कारण पाठ लागल्यावर भोकांच्या आतल्या कडांना ब्रश पोचत नाही. बरेच जण फळी सरळ पसरट ट्रेमध्ये बेलतेलात, म्हणजे जवसाच्या उकळलेल्या तेलात, बुडवून काढतात, सगळ्या कडा एका दमात भिजतात, मग कापडाने निथळायचं. इथं एक सावधगिरी सांगून ठेवतो. बेलतेलाने भिजलेली फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. ते तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, वाळताना तापतं, आणि गठ्ठ्यात ती उष्णता साठून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती उलगडून दोरीवर वाळत घालावीत, किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

शुक्रवार पेठेत एका तसबिरी मढवणाऱ्यांचं दुकान आहे. तिसरी पिढी. दर्शनी भिंतीवर कोपऱ्याचे नमुने टांगलेले, सोनेरी, चंदेरी, अक्रोडी, आणि त्यांतले बहुसंख्य आता लाकडाचे नाहीत, प्लास्टिकच्या जातीच्या पट्ट्यांचे आहेत. आमच्या घराघरांत चौकट शिरली तीच मुळी छापील देवांबरोबर. राजा रवि वर्म्यांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि ज्यांना तैलचित्र परवडणं शक्य नव्हतं त्यांच्या माजघरात लक्ष्मी-सरस्वती काचेआड येऊन बसल्या. कुणी त्यांच्या पदरावर खरी जर आणि टिकल्या चिकटवत. त्या तसबिरी भिंतीला सपाट नसत. खालची कड भिंतीला टेकलेली, वरची दोरीवर पुढे झुकलेली. वाड्यात त्या अशा का टांगत, याचं कारण दुकानातल्या काकांनी एका वाक्यात दिलं: “पाटावर बसून बघायच्या ना, मग देवानं खाली बघायला नको?” त्याचे आणखी दोन फायदे आहेत. काचेवरचा समोरच्या दाराचा उजेड जमिनीकडे वळतो, आणि मागे हवा खेळती राहते.

लाकडात कापलेला चेहरा घेऊन पहिल्यांदा एक जण आला तेव्हा काकांनी तो फोटोसारखाच घेतला. काच, तिला घट्ट लागून चेहरा, मागे हार्डबोर्ड, चुका ठोकल्या, कागदपट्टी मारली. फोटोला ही रीत चालते. लाकडाला नाही, कारण त्या चौकटीत त्याला हलायला जागाच नसते, आणि आपल्याकडे लाकूड हलतं. उन्हाळ्यातल्या दुपारी पुण्याची हवा कोरडी ठाक, आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. जुलैत ती ऐंशीच्या वर. कोकणात तर चार महिने भिंतीच ओल्या. प्लायमधले थर एकमेकांना आडवे असल्याने तो फारसा फुगत नाही, पण अख्ख्या सागवानी फळीत कापलेला चेहरा फूटभर रुंद असला तर पावसाळा-उन्हाळा मिळून दोन-तीन मिलिमीटर ये-जा करतो. चौकटीची खाच त्याच्या मापाला तंतोतंत असेल तर फळीला जायला जागा राहत नाही आणि ती मधे फुगते, आणि मधे काय असतं, तर डोळे आणि नाक. ज्या पुलावर बुबुळ उभं आहे तो पहिल्याच श्रावणात तुटतो. काका आता खाचेत सगळीकडून दीड-दोन मिलिमीटर सैल सोडतात आणि फळी चौकटीला चिकटवत नाहीत.

काचेचं प्रकरण याहून भांडकुदळ आहे. काच लाकडाला टेकली तर मधे अडकलेला दमटपणा जात नाही, पावसाळ्यात तिथं बुरशीचे ठिपके येतात. म्हणून काच घ्यायचीच तर काच आणि चेहरा यांच्यामध्ये, खाचेच्या आत लपेल अशी चार-पाच मिलिमीटरची पट्टी घालून अंतर ठेवावं लागतं, आणि त्यासाठी खोल खाचेची चौकट लागते. बाजारातल्या बहुतेक फोटोपट्ट्यांची खाच उथळ असते, त्यात काच, पट्टी, चेहरा, फेल्ट आणि हार्डबोर्ड एवढा संसार मावत नाही. दोन पट्ट्या एकावर एक जोडून खोली मिळवावी लागते. चिंचवडचे गृहस्थ काचेच्या विरोधात आहेत. लाकडाचा चेहरा काचेआड घातला की तो छापील वाटतो, दोन हातांवरून कोणालाच कळत नाही की हे कापलेलं आहे, मग एवढे डोळे फोडले कशासाठी? त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण हे चेहरे ज्या भिंतींवर जातात त्या भिंतींवर पाल असते, कोळी असतात, रस्त्याची धूळ असते आणि दिवाळीच्या आधी साफसफाई असते.

काकांच्या दुकानात तुटलेले चेहरे येतात ते ऑक्टोबरात. घरातलं कुणीतरी ओलं फडकं घेऊन चढतं, एक सुट्टा धागा महाराजांच्या जिरेटोपात अडकतो, बाई किंवा बुवा ओढतात. तीन मोती गायब. ओल्या फडक्याने काच पुसावी, लाकडाचा चेहरा नव्हे. त्याला मऊ रंगाचा ब्रश, वरून खाली, आणि हवं तर पंप किंवा हेअर ड्रायरची थंड हवा. यंदाच्या झाडलोटीत एवढं जरी घरात सांगितलंत तरी पुष्कळ.

अक्षरांचं एक वेगळंच. चेहऱ्याखाली नाव कापून हवं असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. इंग्रजी अक्षरांत हे काम त्रासाचं, कारण प्रत्येक अक्षर सुटं, आणि ‘ओ’च्या पोटातला गोळा तर पडणारच. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. नाव भोकाऐवजी लाकडातच ठेवायचं ठरवलं, म्हणजे अक्षरं उभी आणि आजूबाजूचं कापलेलं, तर शिरोरेषा सगळ्यांना वरून धरून ठेवते, एक लांबलचक पूल फुकटात मिळतो. पण अक्षरांची भोकं करायला घेतलीत की ती उलटते: सलग कापलेली शिरोरेषा वरच्या फळीपासून खालच्या फळीला तोडून टाकते, आणि ‘ब’, ‘व’, ‘ठ’ यांची पोटं तर खाली पडतातच. म्हणून छापा करून नावं रंगवणारे पेंटर शिरोरेषा मध्येमध्ये तोडतात. कापणाऱ्यांनीही तेच करावं. ती तोडलेली चांगली दिसत नाही, हे मात्र खरं.

मागची बाजू कोणी बघत नाही, म्हणून सगळी वाईट कामं मागे होतात. वाळवी चौकटीत शिरते ती भिंतीतून, हार्डबोर्डमार्गे. पाठीला स्वस्त बोर्ड लावून चेहऱ्याला महाग प्लाय लावण्यात अर्थ नाही. प्लाय घेताना निदान शिक्का बघावा: साधा ओल-प्रतिकारक प्लाय ‘आयएस ३०३’च्या शिक्क्याचा, आणि पाण्यापावसात तग धरणारा मरीन प्लाय ‘आयएस ७१०’चा. किनाऱ्यावरच्या घरासाठी पाठ तरी दुसऱ्या प्रकारची घ्यावी. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या किंवा बुचाच्या टिकल्या चिकटवल्या की भिंत आणि चौकट यांच्यात चार-पाच मिलिमीटर हवा राहते. जुन्या तसबिरीच्या झुकण्याने जे व्हायचं, ते निम्मं तरी एवढ्याने साधतं. टांगायला एकच मधला आकडा नको, दोन्ही बाजूंना कड्या आणि मधे तार. एका खिळ्यावर टांगलेली चौकट पंख्याच्या वाऱ्याने तिरकी होते आणि ती सरळ करायला जाणारा हात नेहमी चेहऱ्यावर पडतो.

म्हैसूरच्या कारागिरांना यातला एकही प्रश्न पडत नाही. तिथल्या शिसवी जडावकामात चेहऱ्याचा, साडीचा, हत्तीचा एकेक तुकडा वेगवेगळ्या नैसर्गिक रंगांच्या लाकडांतून बारीक करवतीने कापतात आणि शिसवीच्या पाटात कोरलेल्या जागेत बसवतात. भोक उरत नाही, पोकळी उरत नाही, मागून अंधार आणायचं कारण नाही. गडद शिसवी हाच अंधार. कौशल्याच्या दृष्टीने ते काम कितीतरी वरचं. पण त्यात सगळं आधीच भरलेलं असतं, आणि मला या भोकांच्या चेहऱ्यांचं आकर्षण वाटतं ते त्यांच्या या उणेपणामुळेच. फळी तीच ठेवून मागचं फेल्ट काळ्याऐवजी गर्द लाल लावलं की तोच माणूस रागावलेला दिसतो. निळं लावलं तर थकलेला. कापणाऱ्याने ज्याचा विचारही केला नव्हता असं काहीतरी मढवणाऱ्याच्या हातून होऊन बसतं.

लेझरचा विषय टाळता येणार नाही. आता भोसरीपासून प्रत्येक तालुक्याच्या गावापर्यंत लेझर कटिंगची दुकानं आहेत, एमडीएफच्या शीटमधून महाराज, बाबासाहेब, विठ्ठल काही मिनिटांत निघतात, आणि गणपतीच्या मखरांपासून लग्नाच्या पाट्यांपर्यंत तेच दिसतं. हाताने कापणारे त्याला नाक मुरडतात. मी मुरडणार नाही. लेझरला पातं ओवावं लागत नाही, त्यामुळे त्याचे पूल केसाएवढे असू शकतात आणि बारकावे हाताला झेपणार नाहीत असे. फक्त मढवताना लक्षात ठेवायचं की लेझरने कड जळून काळपट तपकिरी होते. काळ्या पाठीवर ती रेघ अंधारातच मिसळते आणि सगळ्या सावल्या किंचित जाड दिसतात, चेहरा थोडा अधिक वयस्क. आणि एमडीएफला ओल लागली की तो फुगतो आणि परत बसत नाही. तो काचेआडच बरा.

चौकट निवडताना गिऱ्हाईक सोनेरी नक्षीच्या पट्टीवर बोट ठेवतं. काका अडवत नाहीत, धंदा आहे. पण स्वतः होऊन सुचवतात ती साधी, सपाट, दोन बोटं रुंदीची, चेहऱ्याच्या लाकडापेक्षा एक छटा गडद. कारण भोकांच्या कामात मुळातच इतक्या रेघा असतात, की नक्षीदार चौकट त्यांच्याशी भांडत बसते. याहून चांगलं म्हणजे कापतानाच चेहऱ्याभोवती तीन-चार सेंटिमीटर न कापलेली कड सोडायची. ती फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या मॅटचं काम करते, फळीला ताठ ठेवते, आणि खाचेत लपते ती तिचीच बाहेरची रेघ, कोणाचा खांदा नव्हे.

मग उरतो हार. पाश्चात्त्य पुस्तकांत याचा उल्लेख असणार नाही, आणि आपल्याकडे पोर्ट्रेट मढवणाऱ्याला याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. गेलेल्या माणसाच्या चौकटीवर चंदनाचा हार कायमचा असतो, तिथीला ताज्या फुलांचा येतो, १९ फेब्रुवारीला आणि १४ एप्रिलला तर मोठेच्या मोठे झेंडू येतात. ओला हार उघड्या लाकडावर तासभर जरी टेकला तरी पाण्याचे ओघळ फेल्टमध्ये मुरतात, झेंडूचा पिवळा डाग तर निघतच नाही. उदबत्तीचा धूर वर जाऊन कपाळाच्या भोकांत काजळी धरतो. आणि फोटोच्या काचेवर कुंकवाचं बोट लावायची सवय असलेला हात उघड्या चेहऱ्याच्या कपाळावर तेच करतो. काच असती तर पुसलं असतं. बर्चच्या लाकडात ते कुंकू कायमचं राहतं. म्हणून हार यायचा असेल तर काच हवीच, चौकटीच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांना पुढे आलेले पितळी आकडे हवेत, म्हणजे हार चेहऱ्यापासून बोटभर सुटा लोंबेल, आणि मागच्या कड्या वजनाच्या हिशेबाने एक माप मोठ्या.

चिंचवडच्या गृहस्थांनी हे सगळं लक्षात घेऊन आपल्या वहीत प्रश्नांची यादी केली आहे. काम घेताना ती ते फोनवर एकामागून एक वाचतात, टूलरूममधल्या जॉब कार्डासारखी. भिंत बाहेरची का आतली? समोर खिडकी आहे का? साफ कोण करतं? मागच्या महिन्यात नाशिकहून एकांनी वडिलांच्या फोटोवरून चेहरा करून मागितला. सगळे प्रश्न झाल्यावर यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, “हार घालणार का?”

पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही. मग उत्तर आलं, “अहो, वडील शेजारी बसलेत माझ्या. पंच्याहत्तरी आहे त्यांची.”

“मग काच नको,” हे म्हणाले, आणि वहीत तसं लिहून घेतलं.